देवीपुढचा पेनड्राइव्ह

९ जानेवारी, शुक्रवार

वही जुनीच आहे. पहिली पानं केमिस्ट्रीची होती, ती फाडून टाकली. सरांशी भांडून कॉलेज मधेच सोडलं, निदान वही तरी कामाला येऊ दे.

आज माझा धंदा सुरू झाला. माघी पौर्णिमेला सातेरी नाट्यमंडळाचं नाटक असतं, त्याचे पडदे यंदा मी करतोय. रंगवलेले नव्हेत. पांढऱ्या कापडाच्या मागून प्रोजेक्टर मारायचा आणि समोर नदी, घर, देऊळ, वादळ, जे हवं ते. फोटो माझे, व्हिडिओ माझे, वाऱ्या-पाण्याचे आवाजही माझे. आमच्या गावात हे पहिल्यांदाच.

बाबा म्हणाले, "कापडार बत्ती मारपाक कोण पैसे दिता?"

"मंडळ देतं."

"हें मोडलें जाल्यार फेब्रुवारीसून म्हज्या वांगडा टेम्पोर," म्हणाले आणि टेम्पो धुवायला गेले. म्हणजे हा धंदा बुडाला तर मी त्यांच्याबरोबर टेम्पोवर जायचं. तो टेम्पो माझ्यापेक्षा जास्त वेळा आंघोळ करतो.

(आम्ही बोलतो कोंकणीत आणि लिहितो मराठीत. तेव्हा या वहीत माणसं अर्धी-अर्धी बोलणार. माझा इलाज नाही.)

नाटक मधुकरबाबांनी लिहिलंय. दिग्दर्शक तेच, मंडळाचे अध्यक्षही तेच. एका नावाड्याच्या घरातली गोष्ट, तीन अंक. आमच्याकडे रिवाज असा, की तालमी सुरू होताना नाटकाची वही देवीपुढे ठेवायची, नारळ फोडायचा आणि शेवटपर्यंत तीच एक वही वापरायची. पूर्ण नाटकाची दुसरी प्रत काढायची नाही. यंदा वहीशेजारी पेनड्राइव्ह ठेवला. पुजारी गणेशकाका त्याच्यावर हळदकुंकू वाहायला निघाले तेव्हा मी ओरडलो, "काका, टोपणाक लावा, टोपणाक!"

मधुकरबाबांना म्हटलं, याची एक कॉपी माझ्या लॅपटॉपवर ठेवतो. ते नाटकात बोलतात तसंच घरीही बोलतात. म्हणाले, "देवीकडे एक आणि तुझ्याकडे एक? मग देवीकडची कशाला?"

सगळे हसले. तसाही माझ्या लॅपटॉपात जागा नाही. जे तयार होतं ते सगळं कट करून पेनड्राइव्हवर टाकलं, आणि आता कामही थेट त्याच्यावरच. तालीम झाली की तो परत देवळात जातो. ने-आण करते गौरवी.

गौरवी म्हणजे गणेशकाकांची मुलगी. साखळीला कॉलेजात जाते. नाटकात प्रॉम्प्टर. तिच्याबद्दल जास्त काही लिहायचं नाही.

पान उलटलं होतं, परत आलो. एवढंच लिहितो, की प्रॉम्प्टरचा आवाज फक्त नटालाच ऐकू जायला हवा. मला तो प्रोजेक्टरमागून, पंख्याची घरघर चालू असताना ऐकू येतो.


१३ जानेवारी

नाटकाचा नायक प्रथमेश. कंपनीत नोकरी, बुलेट, केसांना काहीतरी चोपडलेलं. डोक्यात मात्र एक वाक्य राहत नाही. तो "बाबा, ही होडी..." म्हणतो आणि विंगेकडे बघतो. गौरवी पुढचं सांगते. मग तो छाती फुगवून असं म्हणतो, जणू त्यालाच सुचलं.

आज मी शेवटचा पडदा दाखवला. नार्वेची नदी, सकाळची, पाण्यावर धुकं, एक होडी अलीकडे येते. मधुकरबाब खुर्चीवरून उठून उभे राहिले. मी विंगेकडे बघितलं. गौरवी प्रथमेशच्या कानात काहीतरी सांगत होती. तिने पडदा बघितलाच नाही.

घरी येऊन तिचा नंबर डिलीट केला. फोन विचारतो, 'नक्की?' मी दर वेळी नक्की म्हणतो. पाठ असलेला नंबर डिलीट करून काय उपयोग, हे फोन विचारत नाही.


१७ जानेवारी, शनिवार

आता संध्याकाळचे दिवे लागलेत.

दुपारची तालीम आटपली. पेनड्राइव्ह द्यायला गौरवीला शोधत देवळामागे गेलो, तर दगडी सोप्यावर ती आणि प्रथमेश. तो हळू आवाजात म्हणत होता, "तुझ्याशिवाय मला करमत नाही." आणि ती म्हणते, "आता बरं म्हणालास. पण जमिनीकडे बघू नको."

हे नाटकात नाही! अख्खं नाटक मला माहीत आहे. त्यात कुणालाही कुणाशिवाय करमत नाही असं होत नाही.

मी म्हटलं, "हे कुठल्या अंकातलं?"

प्रथमेश लाजला. लाजला! गौरवी म्हणाली, "तुका कितें जालां तें सांग मरे."

"काही नाही."

"काही नाही तर तोंड असं कशाक? दात दुखता?"

प्रथमेश हसला. मी म्हटलं, रंग दुरुस्त करायचेत, पेनड्राइव्ह उद्या देतो, आणि निघून आलो.

मग जे केलं ते लिहितो. लॅपटॉप उघडला. पेनड्राइव्ह. सगळे पडदे, सगळे आवाज. कंट्रोल ए. डिलीट. खिडकी आली, तिने काहीतरी विचारलं, एंटर. माझी बोटं त्या खिडक्या वाचत नाहीत. रोज शंभर येतात.

घाबरण्यासारखं काही नाही. सगळं रिसायकल बिनमध्ये असणार. उद्या पडदा पांढराच राहील, सगळे धावाधाव करतील, गौरवी येऊन म्हणेल, 'प्रज्योत, कर की काहीतरी.' मग मी बिन उघडून सगळं जागच्या जागी आणीन. एक दिवस तरी तिला कळू दे, की मागे कोण उभा असतो.

एवढ्यावर थांबलो नाही. फोनसमोर बसून बोललो. चांगला अर्धा तास. म्हटलं, 'गौरवी, तू सगळ्यांना शब्द देतेस, मला एकही नाही.' म्हटलं, 'ती नार्वेची नदी मी कुणासाठी काढली असं तुला वाटतं? मंडळासाठी?' आणखीही बरंच. शेवटी रडलो की काय, ते आठवत नाही. तो व्हिडिओ त्याच रिकाम्या पेनड्राइव्हवर टाकला. उद्या लावला की हाच लागू दे.

आई दारातून म्हणाली, "कोणाशी बोलता रे?"

"क्लायंटशी."


१८ जानेवारी

सकाळी तो व्हिडिओ बघितला. दोन मिनिटांच्या पुढे बघवला नाही. नाक लाल, मागे दोरीवर बाबांचे लेंगा-बनियन. हा बिनमध्येसुद्धा राहायला नको, म्हणून शिफ्ट धरून डिलीट. थेट खलास.

मग पडदे परत आणायला बिन उघडलं.

रिकामं.

पेनड्राइव्हवरचं डिलीट केलेलं बिनमध्ये जातच नाही. ते तिथल्या तिथे संपतं. पहिल्यापासून तसंच ठेवलेलं असतं, कुणी बदललेलं नाही. ती खिडकी तेच विचारत होती: हे कायमचं जाईल, नक्की? मी एंटर दाबलं होतं.

कंट्रोल झेड दाबून दाबून बोट दुखतंय. आई म्हणते बेकरीतून उंडे आणलेत, गरम आहेत, खा. ताप आहे सांगून आजची तालीम चुकवली.


१९ जानेवारी

तालमीला गेलो. पेनड्राइव्ह लावला. पांढरं कापड.

मधुकरबाबांनी चष्मा काढला. "पडदे कुठे?" मी वायर काढून परत लावली. ते वळले गौरवीकडे. "पेनड्राइव्ह ने-आण करतं कोण? तू. उन्हात ठेवलास? चाव्यांच्या जुडग्यात टाकलास? देवीची वस्तू आहे गे ती!"

तिला ठाऊक होतं की शनिवारपासून तो माझ्याकडे आहे, तरी तिने माझं नाव घेतलं नाही. मला ते सहन झालं नाही.

"तिला काय विचारता? मी उडवलं! मी! या बोटांनी!"

"का?"

"राग आला म्हणून!"

"कुणाचा?"

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

मधुकरबाब शांतपणे म्हणाले, "पेडण्याचा जुना पडदेवाला अजून आहे. त्याला सांगून ठेवतो. पुढच्या सोमवारपर्यंत तुझे पडदे परत आले, तर तुझे. नाहीतर पौर्णिमेला तू प्रेक्षकांत बस."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाहेर चपला घालताना गौरवी शेजारी येऊन म्हणाली, "डिलीट केल्यावर तेच्यावर परत काय घातलंस?"

"का?"

"साखळीक आमच्या एकीचा प्रोजेक्ट उडाला होता. सर म्हणाले, वर काही नवं घातलं नसलं तर परत मिळतं. घातलंस काय?"

"काहीच नाही," म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो?


२० जानेवारी

दिवसभर वाचलं. धीर आला.

डिलीट केलं की फाइल लगेच जात नाही. फक्त तिचं नाव पुसलं जातं आणि ही जागा मोकळी आहे अशी नोंद होते. आतला माल तसाच पडून राहतो, वर दुसरं काही येऊन बसेपर्यंत. फाइली परत काढणारं सॉफ्टवेअर मिळतं. अट एकच, काढलेला माल दुसऱ्या डिस्कवर ठेवायचा. त्या पेनड्राइव्हवर आता टिंबही लिहायचं नाही.

दुसरी डिस्क कुणाकडे आहे? विचार करत असतानाच दारात बुलेट थांबली.

प्रथमेशने पिशवीतून हार्डडिस्क काढली. "गौरवीन सांगलां तुका डिस्क जाय म्हणून. रिकामी करून आणल्या."

"त्यात तुझे बाइकचे व्हिडिओ होते ना?"

"आशिल्ले." होते, आता नाहीत. मग म्हणाला, "पडदो नासल्यार हांव खंय पळोवन उलोवं? तुजी न्हंय दिसली की म्हाका वाक्य याद जाता."

माझी नदी दिसली की त्याला वाक्य आठवतं! मी थँक्यू म्हटलं. म्हणताना दात आवळले होते, पण म्हटलं.


२२ जानेवारी

सगळं आलं! म्हणजे जवळजवळ सगळं. पण नावांशिवाय. 'अंक एक, पहाट' वगैरे नावं मी दिली होती, क्रमही नावातच होता. आता नुसते आकडे. त्यात तोच पेनड्राइव्ह मी आधी लोकांच्या लग्नांच्या व्हिडिओंना वापरला होता, त्यामुळे वादळात वरमाला घुसली आहे आणि होडीमागून कुणाची तरी मावशी जेवतेय. वाऱ्याच्या आवाजांचे तर वीस तुकडे, सगळे सारखे.

दुपारी गौरवी आली. हातात नाटकाची वही. "देवीक विचारून आणल्या," म्हणाली. तिला वही लागली नाहीच. एकेक तुकडा लावला की डोळे मिटून ऐकायची आणि सांगायची, "हा दुसऱ्या अंकातला, म्हातारी दार उघडता तेव्हाचा."

"वारा वाऱ्यासारखाच तर आहे."

"ना मरे. म्हातारीच्या वाऱ्यात मागे कुत्रं भुकता. तूच घेतलंस आणि तुकाच ठाऊक नाही?"

ऐकलं. लांब कुठेतरी खरंच कुत्रं होतं. म्हणजे ती विंगेतून सगळं ऐकत असते. नाटकासाठी ऐकते, हे उघड आहे. प्रॉम्प्टरला ऐकावंच लागतं.

आईने चहा आणि उंडे-भाजी दिली. गौरवी गेल्यावर म्हणाली, "बरें चेडूं. क्लायंट तेंच?"

मी खिडकी बंद करायला उठलो.


२३ जानेवारी

आज पुन्हा बसलो. मी चहा आणायला आत गेलो. आई साखर शोधत राहिली, मग दूध उतू गेलं, मग शेजारीण आली. बाहेर आलो तर गौरवी हेडफोन लावून बसलेली. लॅपटॉप तिने स्वतःकडे वळवून घेतला होता. चहा ठेवला, तिला कळलंही नाही. डोळे लाल दिसले. स्क्रीनकडे एकटक बघितलं की माझेही होतात.

"खराब फाइल आहे का?" मी विचारलं.

ती दचकली. हेडफोन काढले. "खराब ना." मग म्हणाली, "लांब आसा."

"मग टाकून दे. नाटकातली नसेल."

"बघते. मी करते तिचं काय ते." आणि तिने स्वतःचा छोटा पेनड्राइव्ह लावून काहीतरी इकडून तिकडे केलं. मग चहा एका घोटात प्यायली, थंड होता तरी.

संध्याकाळी शेवटची फाइल उघडली. नार्वेची नदी. वरचा थोडा भाग दिसतो, खाली सगळं करडं, आणि होडी यायच्या आधीच थांबते. कशाने तरी तिच्या जागेवर बसकण मारली आहे. कशाने ते मला ठाऊक आहे.

"वर काही घातलं नव्हतंस म्हणालास," गौरवी म्हणाली.

"नव्हतं."

"बरं." आणि हसायला लागली. पोट धरून. नायकाचा शेवटचा पडदा गेला आणि ही हसते! मी चिडून विचारलं, काय झालं? म्हणाली, "काय ना. दोरीवरचे कपडे काढ तुझे, पाऊस येतलो."

जानेवारीत पाऊस?

ती गेल्यावर सगळ्या फाइली एकेक करून तपासल्या. माझा तो व्हिडिओ कुठेही नाही. देवी पावली. बाकीचं सगळं परत आलं आणि नको होतं तेवढंच गेलं.


२५ जानेवारी, रविवार

नदी परत काढायला हवी होती. उद्या सोमवार.

पहाटे नार्वेला जायचं ठरवलं. गौरवी म्हणाली, मीही येते, होडी कुठल्या वाक्याला यायला हवी ते तुला कळणार नाही. गणेशकाका म्हणाले, मग मीही येतो, सप्तकोटेश्वराला जाऊन फार दिवस झाले. स्कूटरवर तिघं कसे बसणार, असा विचार करतोय तोवर बाबांनी टेम्पोची चावी उचलली. पुढे बाबा आणि गणेशकाका, मागे हौद्यात मी, गौरवी, ट्रायपॉड आणि कुणाचं तरी पोहोचवायचं राहिलेलं कपाट.

धुकं होतं. चांगलं दाट. गणेशकाका देवळात गेले. बाबा काठावर टेम्पोला टेकून उभे. होडीवाल्याशी बोललो, तो तयार झाला, पण त्याला थांब म्हटलं की वल्हवायचा आणि वल्हव म्हटलं की हात हलवून टाटा करायचा. गौरवी पाण्याजवळ उभी राहून नायकाचं शेवटचं भाषण म्हणत होती, होडीची वेळ जुळवायला.

मधे थांबून म्हणाली, "ज्याक शब्द हवा, तेणें विंगेत यावं लागता. मागे पंख्याशेजारी उभं राहून मिळत नाही."

"हे भाषणात नाही," मी म्हटलं.

"ना," म्हणाली. "भाषणात ना."

कशाचं काय बोलते कळत नाही. मी फोकस बघत होतो.

तिसऱ्या खेपेला सगळं जमलं. धुकं, होडी, पाण्यावर पहिलं ऊन. आणि नेमकी त्याच वेळी गौरवीची चप्पल चिखलात रुतली. ती वाकून चप्पल ओढत फ्रेमच्या कडेतून गेली. काळी आकृती, एक पाय वर. "गेला टेक! डिलीट करतो, परत घेऊ," मी ओरडलो आणि बोट बटणावर ठेवलं.

"नको." एवढ्या लांबून, हळू, तरी ऐकू आलं. "तोच ठेव."

बोट तिथेच राहिलं. मग काढून घेतलं.

परत निघताना बाबांनी कॅमेऱ्यात बघितलं. डोळा लावून, बराच वेळ. "ही न्हंय हांवें रोज पळयल्या," म्हणाले. "टेम्पोतल्यान अशी दिसना."


२६ जानेवारी

मधुकरबाबांनी सगळे पडदे बघितले. शेवटच्या नदीला चष्मा पुसला. "ही कोण जाते कडेने?"

मी घाबरलो. "चुकून आली. काढू?"

"काढू नको. नावाड्याची मुलगी घर सोडून जाते, तीच ही. मला लिहायला सुचली नाही." मग खोकून म्हणाले, "पडदेवाल्याला नाही म्हणून कळवतो."

मी देवळाच्या पायरीवर जाऊन बसलो.

प्रथमेश शेजारी टेकला. खिशातून पेढा काढला. "घे. वाळपयची कोमल. हय म्हणली."

"कोण कोमल?"

"अरे, जिका सांगपाक म्हाका वाक्य जमनाशिल्लें! गौरवीन महिनोभर घोकून घेतलें. 'तुझ्याशिवाय मला करमत नाही.' तितलेंच. फोनार तेंय विसरलों." तो स्वतःच हसला. "साखरपुड्याचे फोटो तूच काडपाचे. दुसऱ्याक सांगचो ना."

पेढा तोंडात होता म्हणून बरं, नाहीतर मी काय बोललो असतो देव जाणे.

म्हणजे गौरवी सगळ्यांनाच मदत करते. मलाही केली. स्वभाव आहे तिचा. त्यातून काही अर्थ काढायचा नाही.


२९ जानेवारी

आज पुन्हा कॉपीवरून वाद. मी म्हटलं, आता दुसरी प्रत काढल्याशिवाय मी प्रोजेक्टरला हात लावणार नाही. मधुकरबाब म्हणाले, रिवाज आजोबांपासूनचा आहे. माझा आवाज चढला, त्यांचा चढला. शेवटी गणेशकाका म्हणाले, "भांडतात कित्याक? जिची वस्तू तिका विचारूया."

मग कौल लावला. देवीच्या अंगावर ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. सगळं मंडळ हात जोडून उभं. गणेशकाकांनी गाऱ्हाणं घातलं: "बाये सातेरी, तुझ्या पायांकडे ही पोरांनी वस्तू ठेवल्या. चुकीन एकदा पुसली, तुझ्या कृपेन परत आयली. आता तिची दुसरी प्रत करून ठेवपाक तुझो हुकूम आसा जाल्यार उजवो दी, ना जाल्यार डावो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

आणि मग वाट. कुणी खोकत नाही, कुणी हलत नाही. समई, पाकळ्या आणि आम्ही. मला तो शनिवार आठवला. माझ्यापुढेही तसाच प्रश्न आला होता, आणि इथे अख्खा गाव श्वास धरून उभा राहतो तिथे मी वाचायच्या आत एंटर दाबलं होतं.

उजवी पाकळी पडली.

मधुकरबाबांनी नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन काढ. एक माझ्याकडे दे."

घरी येऊन लॅपटॉपात बिनच्या सेटिंगमध्ये गेलो. 'डिलीट करण्यापूर्वी विचारा' यावर टिक नव्हती. तीही पहिल्यापासून तशीच. आज केली. आता लॅपटॉपमधला लहानसा फोटोही विचारल्याशिवाय जाणार नाही. विचारलेलं वाचायचं मात्र मलाच शिकायला हवं.


२ फेब्रुवारी, सोमवार

काल नाटक झालं.

वादळाला बायकांनी पदर तोंडाला लावले. म्हातारीच्या वाऱ्यात कुत्रं भुंकलं आणि मांडवाबाहेरच्या खऱ्या कुत्र्याने उत्तर दिलं. शेवटी नार्वेची नदी आली. प्रथमेश पाठ फिरवून तिच्याकडे बघत राहिला आणि अख्खं भाषण म्हणाला, एकदाही विंगेकडे न बघता. कडेने ती चप्पल ओढणारी आकृती गेली तेव्हा मांडवात चिडीचूप झालं. मी प्रोजेक्टरशी होतो. विंगेत गौरवीने वही मिटली.

बाबा पहिल्या रांगेत होते. आज सकाळी अस्नोड्याहून मंडळवाले आले, शिगम्यात त्यांचं नाटक आहे, पडदे हवेत. बाबा त्यांना म्हणाले, "सामान पावोवपाक टेम्पो आसा." एवढंच. मला टेम्पोवर घेण्याची गोष्ट काढली नाही.

दुपारी प्रथमेशची डिस्क परत करायला काढली. त्याआधी सगळं जागेवर आहे ना ते बघितलं. अंक एक, अंक दोन, अंक तीन. सगळी नावं गौरवीने दिलेली; कालही डिस्क विंगेत तिच्यापाशीच होती. त्यांच्याखाली आणखी एक फोल्डर: 'अंक चार'.

नाटकाला चौथा अंक नाही.

आत दोन फाइली. पहिली उघडली. नाक लाल, मागे दोरीवर बाबांचे लेंगा-बनियन. 'गौरवी, तू सगळ्यांना शब्द देतेस...'

मी लॅपटॉप धाडकन मिटला. घराच्या दोन फेऱ्या मारल्या. आईने विचारलं, मुंगी चावली काय? परत उघडला. पहिल्यांदा बोट गेलं ते शिफ्टवर, मग डिलीटवर. खिडकी आली. 'हे कायमचं जाईल. नक्की?'

वाचली. सगळी वाचली. 'नाही' दाबलं.

दुसरी फाइल अगदी छोटी. नुसता आवाज. मागे तालमीची गडबड, मधुकरबाबांचा खोकला, माझ्या प्रोजेक्टरचा पंखा. आणि अगदी जवळून, ज्याला ऐकायचं त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात:

"'गौरवी, आयतारा मोकळी आसा?' — म्हण. पुढचं मी सांगतें."

रविवारी! पाच वेळा ऐकलं. खोटं कशाला लिहू, जास्तच. तिच्या तीन कॉप्या काढल्या. लॅपटॉपवर एक, डिस्कवर एक, आणि एक नव्या कोऱ्या पेनड्राइव्हवर. तो देवीपुढे ठेवणार नाही.

मग फोन घेतला. नंबर फोनमध्ये नव्हता, बोटांना पाठ होता. तिने दुसऱ्या रिंगला उचलला. मी, "गौरवी," म्हटलं आणि पुढचं वाक्य साफ विसरलो.

तिने हळूच, विंगेतून सांगावं तसं, ते मला सांगितलं.